माणसाला विचारा

"चार रकाने आहेत. भरा आणि मोकळ्या व्हा. कादंबरी वाचायला नाही दिलेली मी," असं म्हणत साहेब तिच्या टेबलाच्या कडेला टेकला.

मास्तरणीनं मान वर केली नाही. मास्तरीण हे तिला ऑफिसनं ठेवलेलं नाव, कारण ती दिवसभर मार्क देत बसे. मार्क कुणाला, तर वर्णनांना. या कंपनीत प्रोग्राम लिहायचं काम आता एजंट करत. एजंट म्हणजे स्वतःच कोड लिहिणारी यंत्रं. त्यांच्या हाताशी ढीगभर साधनं दिलेली: एक फायली शोधणारं, एक चुका तपासणारं, एक जुनं पुसून टाकणारं. पण एजंटाला साधन दिसत नाही. त्याला दिसतं फक्त साधनाचं वर्णन. ते वाचून तो ठरवतो, हे उचलू की ते. वर्णन भोंगळ असलं की तो भलतंच उचलतो आणि कुणाच्या तरी कामाची माती होते. म्हणून मास्तरीण चार गोष्टी बघे. साधन काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये, आणि त्याच्याकडून परत काय मिळतं. रकाने चारच. पाचवा कुणाला सुचला नव्हता, कारण ज्यांना सुचला असता त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आज समोर आलेल्या साधनाचं नाव होतं 'माणसाला विचारा'.

हे साधन म्हणजे तळमजल्यावरची खोली. एजंट अडला की त्याचा प्रश्न तिथल्या पडद्यांवर उमटे आणि तिथं बसलेल्यांपैकी कुणीतरी उत्तर टाइप करी. त्या कुणीतरींत मास्तरणीचा नवराही होता.

वर्णन साहेबानं जातीनं लिहिलं होतं. 'जिवंत माणसाकडून उत्तर मिळवून देते. वेळ लागतो. माणूस बदलला की उत्तर बदलते. दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल तरच वापरावे. जेवणानंतर टाळावे.'

"जेवणानंतर टाळावे?"

"का, खोटंय? आकडे काढून देऊ?"

खोटं नव्हतं. तिच्या डोक्यात सणक गेली ती त्यामुळेच. खोटं असतं तर एका फटक्यात खोडता आलं असतं.

"हे वाचल्यावर एजंट खाली ढुंकूनही बघणार नाहीत, साहेब."

"मग वर्णन फर्मास झालंय म्हणायचं! बाई, बरोबर काय आणि चूक काय, एवढंच सांगायचं तुम्ही. खालच्यांचे संसार चालवायला नाही ठेवलेलं तुम्हाला." मग आवाज गोड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "की घरून दम मिळालाय?"

आजूबाजूचे हसले. ज्यांना हसू आलं नाही तेही हसले. पगाराच्या जागी असंच हसावं लागतं.

कॅन्टीनमध्ये तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं.

"पाड ना मग!" त्याचा घास हातातच राहिला. "शून्य दे. तुझ्याच हातात आहे की."

"कशाबद्दल शून्य? जेवलात की तुम्ही सगळे खुर्चीत डुलता, हे अख्ख्या इमारतीला माहितीये."

"इथं माझी भाकरी जातेय आणि ही खऱ्याचं वकीलपत्र घेऊन बसलीये!"

"खोटे मार्क पकडले गेले की मीही जाईन. मग काय, दोघांनी घरी बसून भिंती चाटायच्या?"

तो ताट सारून उठला. दोन पावलं गेला आणि उलटा आला.

"मागे एक एजंट एका दवाखान्याच्या सगळ्या नोंदी पुसायला निघालेला. जुन्या प्रती समजून. एकूण एक साधनांनी हिरवा दिवा दिलेला. मी 'नाही' लिहिलं म्हणून थांबला. ते लिहिलंय का तुझ्या साहेबानं? का नुसत्या माझ्या डुलक्याच?"

नव्हतं लिहिलं. परत काय मिळतं याबद्दल 'उत्तर' या एका शब्दापलीकडे अक्षर नव्हतं. तिला एकदम खुंटी सापडली, तीही नियमातली. ती जिना चढून आली, पहिल्या तीन रकान्यांत पूर्ण मार्क टाकले आणि चौथ्यात शून्य. शून्य असलेलं वर्णन एजंटांपुढे जात नसे. शेरा लिहिला: 'हे साधन कधीकधी "नाही" असे उत्तर देते. सांगितलेले काम करूच नये, असे सुनावते. हे वर्णनात यायला हवे.' लिहून झाल्यावर तिनं बऱ्याच दिवसांनी खुर्चीला पाठ टेकली.

साहेब उखडेल अशी तिची तयारी होती. तो खूष झाला.

"वा! हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं." उभ्याउभ्याच त्यानं तिचा कीबोर्ड ओढला आणि वर्णनात 'जेवणानंतर टाळावे' याच्याखाली टाकलं: 'कधीकधी नकार देते. काम खोळंबते.' "घ्या. आता परत काय मिळतं तेही आलं. द्या मार्क."

"खोळंबतं म्हणून नव्हतं म्हणायचं मला. त्यानं सत्यानाश टळतो म्हणून..."

"ते कुठल्या रकान्यात बसतं?"

तिनं रकाने पाहिले. साहेबही तिच्याबरोबर वाकून पाहू लागला, अगदी मनापासून, आणि त्या बघण्यासाठी त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं.

"नाही ना बसत? मग झालं तर."

तिनं मार्क दिले. चारही रकाने पूर्ण. हात थरथरला वगैरे काही नाही. असे हात थरथरत असते तर जगातली निम्मी ऑफिसं बंद पडली असती.

दुसऱ्या दिवशी वर्णन एजंटांपुढे गेलं. सकाळी ती तळमजल्यावर उतरली. इथं एरवी दारापर्यंत आरडाओरडा ऐकू यायचा. एजंटांना शिव्या, एकमेकांना टोमणे, 'हा बघ काय विचारतोय येडा' म्हणून खिदळणं. आज पंख्याचा आवाज येत होता. पडदे सगळे चालू आणि सगळे कोरे. खोलीतल्या सगळ्यात वयस्कर बाई टेबलाखाली शिरून वायरी चाचपत होत्या.

"सुटलीये कुठंतरी," त्या खालून म्हणाल्या. "नाहीतर इतका वेळ कसं काही येणार नाही?"

"वायर ठीक आहे, काकू," नवरा म्हणाला. "या बाहेर. गुडघे दुखतील."

त्यानं हात देऊन त्यांना उठवलं. त्या साडीला लागलेली धूळ झटकेपर्यंत थांबला. वळताना त्याला दारात उभी असलेली बायको दिसली. तो आपल्या जागेवर गेला, खुर्ची पुढं ओढली, शर्टाची कॉलर सारखी केली आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून, ताठ बसून, पडद्याकडे बघत राहिला.