धवलारणीची चार चाकांची फटफटी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "ही नेमकी आहे तरी काय?" मोटारीसारखी चार चाकं आहेत, पण डोक्यावर छप्पर नाही. फटफटीसारखं हँडल आणि लांब सीट आहे, पण तोल सांभाळायची भानगड नाही. कागदावर माझं नाव एटीव्ही. आमच्या खाडीकाठची पोरं मला 'ट्रॅक्टरचं पिल्लू' म्हणतात. रस्ता संपतो तिथून माझं काम सुरू होतं. आता माझा लाल रंग विटलाय, पुढचं मडगार्ड तारेनं बांधलंय, तरी मी अजून धावते. धावता धावता एक सल मात्र सोबत वागवते. तीच तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात बसून, जहाजाच्या पोटातून मी इकडे आले आणि समुद्रकाठच्या एका रिसॉर्टात कामाला लागले. काम काय, तर वाळूत गोल गोल फिरायचं. शहरातली मुलं माझ्यावर बसून किंचाळायची, त्यांचे वडील फोटो काढायचे. ते माझे कौतुकाचे दिवस. पुढे रिसॉर्टचा मालक बदलला, नव्या मालकाला पोहण्याचा तलाव हवा होता, आणि मी एका गोदामात मोडक्या खुर्च्यांच्या आड जाऊन पडले. टायर बसले. टाकीतलं पेट्रोल नासलं. इतकी वर्षं मुलांना फिरवलं, पण मला विचारायला कोणी आलं नाही.

तिथून मला दौलतनं उचललं. पडघ्याच्या बाजारात त्याचं जुन्या यंत्रांचं दुकान होतं. पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, असलं काहीबाही तो दुरुस्त करून विकायचा. त्यानं माझा कार्बोरेटर उघडून आतला चिकट गाळ खरवडून काढला, प्लग बदलला, तेल बदललं. कितीतरी काळानं माझ्या छातीत ठिणगी पडली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला जास्त लाज वाटते.

भिवंडीजवळच्या खाडीवरच्या गावातून प्रितेश मला बघायला आला. त्याच्या घरच्यांची बरीचशी जमीन गोदामांखाली गेली होती. उरलेलं भातखाचर खाडीच्या बांधापलीकडे होतं. प्रितेश माझ्याभोवती दोनदा फिरला. दौलत म्हणाला, "इंजिनाला हात लावून बघ. गार हाय ना? गिऱ्हाईक येयाच्या आधी गरम करून ठेवनारा मी न्हाय. आता तूच चालू कर." आजारी इंजिन गार असताना चालू व्हायला कुरकुरतं; मी पहिल्या बटणाला चालू झाले. मग दौलतनं स्वतःहून माझी दुखणी सांगितली. टायर जुने आहेत, मागचा ब्रेक ढिला आहे, सीट दगडासारखी झाली आहे. इंजिन मात्र निरोगी आहे. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

प्रितेशनं मला घेतलं ते आईसाठी. त्याची आई राहीबाई ही आसपासच्या पाड्यांची धवलारीण. आगरी लग्नात धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी बाई ती धवलारीण. जुनी घरं अजून मानतात, की तिनं धवला म्हटल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागायची नाही. राहीबाईंचा आवाज खणखणीत होता, पण गुडघे गेले होते. बांधावरून रिक्षा जात नाही, आणि पलीकडच्या पाड्यांत हळूहळू धवल्याच्या कॅसेटी वाजायला लागल्या होत्या. वेळेवर पोचता आलं नाही, तर बोलावणी बंद होणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

पहिले काही दिवस मी राहीबाईंना खाचरापर्यंत नेऊन आणलं. बांधावर त्या माझ्यावर बसून धवल्याच्या ओळी गुणगुणायच्या. माझ्या इंजिनाच्या ठेक्यावर त्यांचा सूर बसला, की मला वाटायचं, त्या रिसॉर्टात मी उगाच वर्षं घालवली.

उतरताना मात्र त्या कंबर धरायच्या. त्यांनी तक्रार केली नाही. सुनेनं, करिष्मानं, ते पाहिलं. करिष्माची मुलगी तान्ही होती. ती झोळीत झोपली, की तेवढ्या वेळात करिष्मानं गादी शिवायला घेतली. भिवंडीत चिंध्यांना काय तोटा? गल्लोगल्ली लूम खडखडतात आणि कापडाच्या कातरणांचे ढीग पडतात. तिनं मऊ मऊ कातरणं निवडून जाड गादी भरली, वरून फुलाफुलांच्या चादरीचा अभ्रा चढवला. गादी घसरून सासूबाई पडू नयेत, म्हणून तिनं माझी सीट काढली, अभ्रा सगळीकडून आत दुमडला, आणि दुमडलेलं जाड कापड सीटखाली घट्ट दाबून बसवलं.

मित्रांनो, माझं नाक सीटखाली आहे. तिथल्या एका गोल तोंडातून मी हवा ओढते. हवा नाही, तर पेट्रोल जळत नाही. हे त्या माउलीला कसं ठाऊक असणार? आणि मी तिला कसं सांगणार? मायेची दहा बोटं माझ्या अंगावरून फिरत होती आणि माझा श्वास बंद होत होता.

दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या पाड्यावर हळद होती. राहीबाई हिरवं लुगडं नेसून बसल्या. हळू चालले तोवर कसाबसा तग धरला, पण बांधावर प्रितेशनं वेग दिला आणि मला धाप लागली. कापड ओढलं जाऊन नाकाला चिकटलं. मी गचके खाल्ले, काळा धूर सोडला आणि बंद पडले. प्रितेशनं बटण दाबून दाबून बॅटरी उतरवली. शेवटी राहीबाई खाली उतरल्या आणि मुलाचा खांदा धरून पुढचा बांध पायी चालल्या. त्या पोचल्या तेव्हा मांडवात कॅसेट लावून नवरीला हळद लावून झाली होती. यजमानांनी त्यांना मानानं बसवलं, जेवू घातलं. त्या कोपऱ्यात बसून राहिल्या. हे मी पाहिलं नाही. घरी आल्यावर प्रितेश बायकोला सांगत होता ते ऐकलं, आणि वाटलं, असेन तिथेच गंजून जावं.

प्रितेशचा राग दौलतवर गेला. मला टेम्पोत घालून तो पडघ्याला गेला आणि चहाच्या टपरीवर, भर बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर दौलतला चोर म्हणाला. दौलत एवढंच म्हणाला, की गाडी दोन दिवस ठेव, मी बघतो. प्रितेश म्हणाला, "तुझ्या हाताला परत गाडी देयाची? येवढा येडा नाय मी." मी टेम्पोत उभी होते. दौलत माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घालू शकत नव्हते, एवढंच.

मग माझी वारी भिवंडीतल्या इश्तियाकभाईंच्या गॅरेजात सुरू झाली. ते प्लग काढायला म्हणून आधी माझी सीट काढून बाजूला ठेवत. झालं, नाक मोकळं. मी अशी चाले, की गॅरेजातले लोक बघत राहात. सीट बसवून घरी नेलं, की पुन्हा तीच धाप. त्यांनी कार्बोरेटर धुतला, टाकी धुतली, पेट्रोलची नळी बदलली. शेवटी आमच्या अंगणात येऊन डोकं खाजवत म्हणाले, "मायके में शेर है, ससुराल जाते ही बीमार. प्रितेशभाई, घर में किसी ने कुछ बोला क्या इसको?" सगळे हसले. करिष्मा तेवढी हसली नाही. तिला वाटलं, आपल्याच घराला काही लागीर झालं असेल.

अशात पूर्वी नावाच्या मुलीची हळद ठरली. ती राहीबाईंच्या बहिणीची नात, बांधापलीकडेच राहणारी. निरोप आला, तेव्हा राहीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांग त्यांना, कॅसेट लावा. मना आता न्हाय जमाचं." एवढंच बोलून त्या निवडत राहिल्या. करिष्मानं ते ऐकलं आणि ती अंगणात माझ्यापाशी येऊन नुसती उभी राहिली.

काहीतरी करायचं म्हणून तिनं अभ्रा धुवायला काढला. उलटा केला, तर दुमडलेल्या भागावर काळं गोल वर्तुळ उमटलेलं. तान्ह्या पोरानं पदर चोखावा तसं तेवढंच कापड आत ओढलेलं. ती कितीतरी वेळ त्या डागाकडे बघत होती. मग तिनं सीटखाली वाकून पाहिलं. तेवढंच गोल तोंड तिथं होतं. तिनं मला चालू केलं आणि त्या तोंडावर तळहात ठेवला. मी घुसमटले. तिनं हात काढला. मी श्वास घेतला. ती मागच्या मागे ओट्यावर बसली आणि झोळीकडे बघू लागली. पोरीच्या नाकावर आलेली चादर रोज पन्नास वेळा बाजूला करणारी बाई ती.

तिनं कात्री आणून दुमडलेलं कापड कापलं आणि चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या. तेवढ्यात इश्तियाकभाई ठिणगी पाडणारी नवी कॉइल घेऊन आले. त्यांनी ती बसवली, सीट लावली, आणि मी दोन चकरा झपाझप मारल्या. प्रितेश खुश झाला. म्हणाला, दौलतनं जळकी कॉइल गळ्यात मारली होती, आता त्याचं तोंडही बघणार नाही. करिष्मा दारात उभी होती. नुसतं गप्प राहिलं असतं, तर सगळं निभावलं होतं. गाडी चालत होती, सासूबाईंची हळद चुकणार नव्हती, आणि चोर पडघ्याला होता. ती आत गेली.

संध्याकाळी ती राहीबाईंपुढे जाऊन बसली आणि कापलेला तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. "आये, कॉइल नाय. माझी गादी होती ती. तुमची हळद माझ्यामुळं गेली."

राहीबाईंनी त्या काळ्या वर्तुळावरून बोट फिरवलं. "गादीवर मना बरं वाटायचं गो," त्या म्हणाल्या. "ते काय खोटं न्हाय." मग म्हणाल्या, "माझं सोड. ज्याला चोर बोललाव, त्याचं काय? गादी माझी होती असं सांगाचं, आन तुझ्या नवऱ्यानं शिव्या दिल्यान तिथंच सांगाचं."

प्रितेश आधी करिष्मावर तडकला, मग उंबऱ्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दोघं मला टेम्पोत घालून पडघ्याला आली. त्याच टपरीसमोर मला उतरवलं आणि चालू केलं. करिष्मानं पोरीला कडेवर घेऊन सगळी हकीकत मोठ्यानं सांगितली. प्रितेश म्हणाला, "चुकलं माझं, दौलतभाऊ. हळदीला या." दौलतनं वाकून माझं इंजिन ऐकलं. "बरी हाय," तो म्हणाला. चहाही पाजला. हळदीला मात्र तो आला नाही. त्या दिवशी टपरीवर होती ती चार गिऱ्हाइकं त्याच्या दुकानात पुन्हा गेली की नाही, मला माहीत नाही.

बहिणीच्या नातीच्या हळदीला राहीबाई वेळेच्या आधी पोचल्या. मांडवाबाहेर माडाखाली मी उभी होते. त्यांनी पहिली ओळ उचलली, मागे बायांनी धरली. बायांत एक आवाज चाचरत येत होता, ओळ अर्धी सोडत होता, पुन्हा धरत होता. तो करिष्माचा होता. राहीबाई तिच्यासाठी ओळ दोनदा म्हणत होत्या.

त्यानंतर कितीतरी हळदींना मी राहीबाईंना नेलं. पण मित्रांनो, कॅसेटवर हळद लागलेली ती एक नवरी आहे. तिचं लग्न काही पुन्हा होणार नाही. बांधावरून जाताना तिच्या पाड्याचं वळण आलं, की राहीबाई गाणं थांबवतात आणि करिष्मा खाली बघते. मीही तेवढ्यापुरती हळू होते.

तुमच्या घरी एखादं यंत्र असेल, जनावर असेल, म्हातारं माणूस असेल, तर त्याला जरूर जपा. फक्त पांघरूण घालण्याआधी वाकून एकदा बघा, की ते श्वास कुठून घेतं. आणि ते धापा टाकू लागलं, तर दुसऱ्याला चोर म्हणण्याआधी आपला हात कुठे ठेवलाय, तेही बघा.