सात विरुद्ध सहा

मी बेसबॉलचा एक जुना चेंडू बोलतोय. अठ्ठावीस वर्षं काचेच्या कपाटात बसून आहे. नुसतं बसून कोणी थकतं का, असं तुम्ही म्हणाल. मार खाऊन थकलो नव्हतो, एवढा बसून थकलोय.

जन्म मॅसॅच्युसेट्सचा. रबराच्या गोळीवर लोकरीचा धागा आणि वर घोड्याचं कातडं. टटल नावाच्या एका विधवा बाईंनी घरी चुलीपाशी बसून मला टाके घातले. बाईंचा हात घट्ट, म्हणून आजवर उसवलो नाही.

१८८७ च्या जूनमध्ये एल्डन कॉलेजच्या मैदानावर आलो. समोर वेदरबी कॉलेज. अख्खा सामना एकाच चेंडूवर व्हायचा. जिंकेल त्याने चेंडू ठेवून घ्यायचा आणि त्यावर सोनेरी रंगाने धावा लिहायच्या, अशी रीत. पंच एकटेच, गावचे पोस्टमास्तर कीन. त्यांना लांबचं नीट दिसत नसे. त्यावरही रीत होतीच: पंचाला दिसलं नाही तर त्याने खेळाडूलाच विचारायचं. सभ्य घरची पोरं, खोटं कशाला बोलतील?

शेवटचा डाव. एल्डनच्या सात धावा, वेदरबीच्या सहा. वेदरबीचे दोन बाद, तिसरा बाद झाला की खेळ खलास; एक गडी तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी व्हायला एकच टप्पा उरलेला. हॉलिस बीचमने मला असं हाणलं की मी थेट मैदानाच्या टोकाला, न कापलेल्या गुडघाभर गवतात गेलो. एल्डनच्या लायमन प्रुइटने धावत येऊन अंग झोकून दिलं. मी आधी जमिनीला लागलो, मग त्याच्या हाताला.

पोस्टमास्तर धापा टाकत आले. "लायमन, झेल घेतलास ना रे?"

त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. वेदरबीला एकदाही हरवलेलं नव्हतं. त्याने मला वर धरलं आणि म्हणाला, "हो."

"गवतात काय झालं, देव जाणे," वेदरबीचा कर्णधार पुटपुटला.

"तो हो म्हणाला ना? मग संपलं," हॉलिस म्हणाला आणि बॅट उचलून चालू लागला.

लायमनला पोरांनी खांद्यावर घेऊन मिरवलं. माझ्या अंगावर ७-६ रंगवलं आणि मला एल्डन कॉलेजातल्या या कपाटात ठेवलं. माणसं येतात, काचेला नाक लावतात, आकडा वाचतात नि जातात. चेंडूकडे कोणी बघत नाही. लायमन पुढे इथेच लॅटिन शिकवू लागला. रोज कपाटावरून जायचा, पण मान दुसरीकडे वळवून. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

गेल्या जूनमध्ये जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याला हॉलिस आला. पोट सुटलेलं, काठी टेकत. लायमनने किल्ली आणून मला बाहेर काढलं.

"हॉलिस, हा घे. तेव्हा जमिनीला लागला होता."

"ठाऊक आहे. धावताना मागे वळून बघत होतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला विचारलं होतं लेका, मला नाही."

लायमनने मला पुढे धरून ठेवलं. हॉलिसने मला घेतलं नाही.

"मी कशाला नेऊ? आम्ही कुठे जिंकलो होतो? फार तर सात-सात झाले असते. पुढचं कोणाला माहीत? चल, मैदानात चल. मी बॅट धरतो, तू टाक."

लायमन खरोखर हसला. मला मुठीत घेऊन त्याने हात उचलून पाहिला. खांदा आखडलेला, हात छातीच्या वर जाईना. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा नाही. मला परत ठेवून त्याने कुलूप लावलं. त्याच हिवाळ्यात तो गेला. हॉलिस पुन्हा आला नाही.

किल्ली आता कचेरीत खिळ्याला टांगलेली असते. तुमच्यापैकी कोणाचा खांदा शाबूत असेल, तर मागून घ्या. अंगावर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. सात-सात झालेत, दोन बाद आहेत आणि पुढचा चेंडू अजून कोणी टाकलेला नाही.