कोऱ्या मशीनवर

'एन'च्या बटणावरचं अक्षर कधीच पुसलेलं... उरला होता नुसता गुळगुळीत खळगा, तिच्या बोटाच्या मापाचा. लॅपटॉप असा म्हातारा, की त्याचा पंखा सुरू झाला की गल्लीतली मांजरं मुक्काम हलवत — निदान ती तरी तसं शपथेवर सांगे. पण पडद्यावर खिडक्या मांडणारा तो इवलासा प्रोग्राम त्यावर वाऱ्यासारखा पळे. मूळ लिहिणारे केव्हाच पांगले; सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक भांडारासाठी त्याचं, कुणालाही उतरवून घेता येईल असं, पॅकेज बांधणं अकरा वर्षं हिच्याच गळ्यात. आणि आज सकाळी भांडाराच्या तपासनिसाचं पत्र : 'कोऱ्या मशीनवर घातलं की पडदा काळा पडतो. सहापर्यंत दुरुस्त करा, नाहीतर पॅकेज यादीतून वगळू. तसंही वापरतं कोण?'

कोण म्हणजे? मी वापरते!

"आई, सोड ना आता," मुलगा म्हणाला. "नवा लॅपटॉप आणतो."

"आण. त्यावरही हाच घालीन."

"हट्टी आहेस."

"आत्ता कळलं होय तुला?"

दुपारभर तिने पॅकेज सोडलं, बांधलं, पुन्हा सोडलं — स्वतःच्या मशीनवर ठणठणीत, कोऱ्यावर ठार काळोख. चहा पार निवल्यावर उलगडलं : प्रोग्रामला सवयी लावणारी फाइल पॅकेजात नव्हतीच. ती हिच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये, अकरा वर्षांपूर्वी हिनेच लिहिलेली, नि साफ विसरलेली. म्हणजे नवी खिडकी आली तरी जुनीने जागा सोडायची नाही, नवीने मुकाट कडेला उभं राहायचं... प्रोग्रामचा स्वभाव म्हणून ती ज्याचं कौतुक करत आली, तो हिनेच त्या फाइलमध्ये लिहिलेला. आणि सासरी, ऑफिसात, आता मुलाच्या संसारात, "जरा सरकून घ्या" म्हटलं की सरकत आलेली बाई ही. मग ही फाइल लिहिणारी कोण?

साडेपाच. सगळ्यांना चालेलशी नमुन्याची फाइल हाताशी होती. ती घातली असती तर तपासनीस मान डोलावून मोकळा. तिने आपली घातली. कोरा पडदा उजळला. दुसरी खिडकी आली, कडेला राहिली. टिपणात तिने लिहिलं : 'मांडणी पॅकेज बांधणारीची. पटत नसेल त्याने स्वतःपुरती बदलावी.' आणि पाठवून दिलं.

उत्तर यायचं होतं.

"आई, जरा सरक ना, चार्जर काढायचाय."

"पलीकडून काढ," ती म्हणाली — आणि तो आवाज आपलाच ना, म्हणून क्षणभर कानोसा घेत, खळग्यावर बोट ठेवून, बसल्या जागी बसून राहिली.