निळ्या पेटीतल्या सहा काड्या

मी सव्वीस वर्षं एकच प्रश्न विचारत आलोय. ॲरिझोनातून येणारी गाडी कोलोरॅडो नदी ओलांडून कॅलिफोर्नियात शिरली की आमच्या शेतीखात्याच्या तपासणी नाक्यावर थांबते, काच खाली होते आणि मी वाकून विचारतो, "फळं, झाडं, रोपं काही आहे का गाडीत?" सगळेच 'नाही' म्हणतात. त्यातले बरेचसे खरं बोलत असतात. उरलेल्यांना मी ओळखतो. खोटं बोलणारा माणूस नजर छान सांभाळतो, पण हात स्टिअरिंगवरून उगाच उचलतो आणि पुन्हा तिथेच ठेवतो. बंद डिकीतला पीच मला नुसत्या वासाने कळतो. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहेच.

म्हणूनच पुढचं सांगायची मला लाज वाटते. या जूनमध्ये तीन दिवस माझ्याच गाडीत, माझ्याच सीटच्या मागे चोरटा माल होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

गाडीत आम्ही चौघे होतो. मी वेंडेल, माझी बायको मारिसेला, चौदा वर्षांची मुलगी इनेस, आणि सासूबाई. सासूबाईंचं नाव एउलालिया, वय एकोणऐंशी. त्यांनी रिव्हरसाइडचं घर विकलं होतं आणि आता मुलाकडे, अन्सेल्मोकडे, लिंडसेला राहायला चालल्या होत्या. अन्सेल्मोची तिथे तीस एकर संत्र्याची बाग आहे. सरळ गेलं तर चार तासांचा रस्ता, पण मारिसेला म्हणाली, "आई एकदा त्या बागेत शिरली की पुन्हा बाहेर पडायची नाही. तिला समुद्राकाठाने फिरवत नेऊ. तू पाच दिवस रजा काढ."

काढली. माझं आणि सासूबाईंचं बावीस वर्षांत कधी जमलं नाही, हे खरं आहे. त्यांच्या मते मी विधवा बायकांचे पीच हिसकावून सरकारी पगार खाणारा माणूस. मला टोचायचं असलं की त्या 'जावईबापू' म्हणतात, आणि हे नाव त्या दिवसातून दहादा घेतात. पण सासरे, रेफूहियो, माझ्यावर जीव टाकायचे. ते संत्र्याच्या पॅकिंग शेडवर मुकादम होते. घरामागच्या अंगणातलं संत्र्याचं झाड त्यांनी स्वतः कलमाचा डोळा बांधून वाढवलं होतं. फेब्रुवारीत त्याचं फळ खाल्लं की दुकानातलं संत्रं पुढे महिनाभर तोंडात धरवत नसे. सासरे गेले, झाड राहिलं. आता घर घेणाऱ्याला तिथे तीन गाड्या उभ्या करायच्या होत्या. सोमवारी झाड तोडणार होते. आम्ही निघालो रविवारी.

निघताना मी स्पष्ट बजावलं होतं. "आई, त्या झाडाचं पानसुद्धा बरोबर घ्यायचं नाही. संत्र्यावरच्या रोगामुळे हा सगळा भाग बंद केलाय. इथल्या लिंबू-संत्र्याची फांदी, पान, काडी, काहीही बाहेर न्यायला बंदी आहे."

"आम्ही काय चोर आहोत का, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. हात मांडीवर एकावर एक ठेवलेले, जराही हलले नाहीत.

त्यांच्या पायाशी एक निळी बर्फाची पेटी होती. "माझं इन्सुलिन आहे त्यात. कोणी हात लावायचा नाही," असं त्यांनी जाहीर केलं. औषधाच्या पेटीला मी नाक्यावरही हात लावत नाही. पेटी माझ्या सीटमागे गेली आणि आम्ही निघालो.

सुट्टी छान चालली होती, हे कबूल करायला हवं. पहिल्या दिवशी ऑक्सनार्डला रस्त्याकडेच्या टपरीवर स्ट्रॉबेरी घेतल्या आणि व्हेंच्युराला पोचेपर्यंत खोकी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता. इनेसने गाडीतल्या गाण्यांचा ताबा घेतला होता. आजी म्हणाली, "ही बाई गातेय की तिला कोणी चिमटे काढतंय?" इनेस म्हणाली, "आजी, ती रडतेय, तिचं लग्न मोडलंय." "मग बरोबर मोडलं," आजी म्हणाली, आणि गॅव्हिओटाचा बोगदा संपेपर्यंत दोघी हसत होत्या. मारिसेलाने मागे वळून आईकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं, या बाईला आपण उगाच घाबरतो.

रोज संध्याकाळी मात्र सासूबाई मोटेलच्या बोळातल्या यंत्रातून बादलीभर बर्फ आणायच्या. मी म्हणायचो, "मी आणतो," तर म्हणायच्या, "तुम्ही सुट्टीवर आहात." आणि स्वतः पाणी पिताना कधी बर्फाचा खडा घ्यायच्या नाहीत, दात शिवशिवतात म्हणून. मी हे सगळं बघितलं आणि सोडून दिलं. नाक्यावर असं सोडलं असतं तर मीच मला घरी पाठवलं असतं.

मंगळवारी मॉरो बेला समुद्राजवळ तंबू ठोकला. बुधवारी दुपारी बंदरावर माशाचे टाको खायला बसलो. जेवण समोर आलं तेव्हा सासूबाईंनी खांद्यावरची पर्स उघडली, आतून इन्सुलिनचं पेन काढलं, पोटाला टोचलं आणि पुन्हा पर्समध्ये टाकलं.

पर्समध्ये. मी टाको तसाच खाली ठेवला.

"काय झालं?" मारिसेलाने विचारलं.

"काही नाही. तिखट आहे."

"तुला तिखट कधीपासून लागायला लागलं?"

 परत तंबूपाशी आलो. सकाळीच ठरलं होतं की शेवटच्या दिवशी ओकच्या लाकडावर ट्राय-टिप भाजायचं. मांसाचा तो मोठा तिकोनी तुकडा मीठ, मिरी, लसूण लावून तयार होता. मी जाळ पेटवला. मारिसेला आणि इनेस पलीकडच्या नळावर भांडी घेऊन गेल्या. सासूबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी गाडीचं दार उघडलं आणि पेटीचं झाकण उचललं.

बर्फाखाली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत ओलं वर्तमानपत्र. वर्तमानपत्रात पेन्सिलीएवढ्या जाड सहा काड्या, पानं देठापासून खुडलेली, प्रत्येक काडीवर पाच-सहा टपोरे डोळे. इतक्या नीट छाटलेल्या की कोणीही माळी खूष झाला असता. यातला एकेक डोळा काढून दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधला की तेच झाड पुन्हा उभं राहतं.

"इन्सुलिन सापडलं का, जावईबापू?" मागून आवाज आला. सासूबाईंचे डोळे आता उघडे होते.

"आई, हे काय आहे?"

"बघितलंत ना? मग विचारता कशाला? तुमच्या नाकाला तीन दिवस पत्ता नव्हता."

ते जिव्हारी लागलं. मी काड्या बाहेर काढल्या, टेबलावर ठेवल्या. तेवढ्यात मारिसेला आणि इनेस आल्या. मारिसेलाला काड्या बघताच कळलं. ती त्या झाडाखाली वाढलेली मुलगी आहे. तिने तोंडावर हात ठेवला.

"बाबांचं झाड," ती म्हणाली. "आई, तू आणलंस?"

"दुसरं कोण आणणार? सोमवारी तोडलं त्यांनी. एव्हाना तिथे सिमेंट पडलं असेल. आता आहे ते एवढंच."

"हे लिंडसेला जाणार नाही," मी म्हणालो.

"वेंडेल," मारिसेला म्हणाली, "तू सुट्टीवर आहेस."

"रोग सुट्टीवर नाहीये."

"झालं सुरू!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "कसला रोग? चाळीस वर्षं त्याची फळं खाल्ली. तुम्हीही हादडलीत, पिशव्या भरभरून नेलीत. माझ्या झाडाला काही झालेलं नव्हतं."

"नसेलही. मला माहीत नाही. पण तुम्हालाही माहीत नाही. झाडाला लागण झाली तरी दोन वर्षं, तीन वर्षं, कधी पाच वर्षं काही दिसत नाही. झाड हिरवंगार असतं. मग फळ एका अंगाने हिरवंच राहतं, कडू होतं, गळतं, आणि मग झाड जातं. त्याला औषध नाही, आई. एक डोळा रोगट निघाला तर आधी अन्सेल्मोची बाग जाईल, मग शेजाऱ्याची."

"बागेत लावणार कोण होतं? घराच्या अंगणात लावणार होतो."

"हा रोग पसरवणारी कीड कुंपण बघून उडत नाही. एका झाडावरचा रस पिऊन दुसऱ्यावर बसते. मी फ्लोरिडात बघून आलोय. खात्याने पाठवलं होतं. मैलोन्मैल वाळलेल्या बागा, आणि प्रत्येक बागेच्या कडेला घर विकायला काढल्याची पाटी. एक म्हातारा मला झाडं दाखवत होता, प्रत्येक ओळ कुठल्या साली लावली ते सांगत होता, आणि एकाही झाडावर पान नव्हतं."

 खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या नोकरीचा संताप आला. काड्या परत पेटीत ठेवून झाकण लावावं, असं मला फार वाटलं. कोणाला कळलं असतं? सासऱ्यांचं संत्रं मला पुन्हा मिळालं असतं, बायको आयुष्यभर माझे उपकार मानत राहिली असती, आणि सासूबाईंनी मला कदाचित एकदा तरी नावाने हाक मारली असती. पण मग दरवर्षी फेब्रुवारीत मी ते फळ फिरवून बघितलं असतं, एक अंग हिरवं राहिलंय का म्हणून. असं फळ मला गोड लागलं नसतं.

"हे जाळावं लागेल," मी म्हणालो. "मी जाळतो. शिव्या मला द्या."

मारिसेलाला रडू फुटलं. इनेस तिला बिलगली आणि माझ्याकडे बघेना. सासूबाईंनी काड्यांवरून बोट फिरवलं, एकेका डोळ्यावर थांबत थांबत.

"पाच वर्षं दिसत नाही म्हणता?"

"कधीकधी."

"आणि अन्सेल्मोचं बँकेचं कर्ज, पोरांचं, सगळं त्या तीस एकरांवर."

"हो, आई."

त्यांनी काड्या उचलल्या. मी हात पुढे केला तर माझा हात बाजूला सारला. शेकोटीपाशी गेल्या, चिमट्याने जळती लाकडं जरा सारखी केली आणि काड्या एकेक करून आत ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या. ओल्या होत्या, आधी नुसत्या चरचरल्या. मग सालीला जाळ लागला आणि संत्र्याच्या लाकडाचा वास सुटला. मारिसेला डोळे पुसून जवळ आली. पलीकडच्या तंबूतला माणूससुद्धा मान वर करून बघायला लागला.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आता बघत काय बसलात? मांस टाका वर. मी हे फुकट नाही जाळत."

मी जाळीवर मांस टाकलं. हा गुन्हा खात्याला कळवणं माझं काम होतं. मी कळवला नाही. सव्वीस वर्षांत तेवढं एकच केलं नाही.

मांस होत आलं तसा सासूबाईंचा फोन वाजला. अन्सेल्मो होता. कमी ऐकू येतं म्हणून त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आई, उद्या किती वाजता येताय? आणि ऐक, शेजारी कोणी नाही ना? काड्या नीट आहेत ना? मी खुंट तयार ठेवलाय. वेंडेलला संशय नाही ना आला?"

मी मारिसेलाकडे पाहिलं, मारिसेलाने माझ्याकडे. तीस एकरांचा धनी, ज्याला या रोगाबद्दल माझ्याइतकीच माहिती असायला हवी, त्यानेच मागवल्या होत्या. इतका वेळ सासूबाई माझ्याशी भांडल्या, पण मुलाचं नाव तोंडातून निघू दिलं नव्हतं. अन्सेल्मो तापट आहे. मी जाळल्या असं कळतं तर त्याने मला पुन्हा दारात उभं केलं नसतं, आणि मारिसेला दोघांच्या मध्ये चिरडली असती.

"काड्या नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"नाहीत म्हणजे? त्याने पकडल्या?"

"तो? त्याला काय कळतंय! तीन दिवस नाकाखाली होत्या. मी जाळल्या."

"तू? आई, ते बाबांचं झाड होतं!"

"माहीत आहे कोणाचं होतं ते. मला कोणी सांगितलं नाही, कोणी अडवलं नाही. माझं मला सुचलं, मी जाळल्या. तुझे बाबा आज असते ना, तर असल्या काड्या मागितल्यास म्हणून तुझ्या कानाखाली वाजवली असती. तीस एकर काय झाडाला लागलेत?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग अन्सेल्मो हळूच म्हणाला, "बरं, आई."

"रडू नकोस. उद्या दुपारी येतोय, बीन्स करून ठेव." त्यांनी फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

 मी सुरी घेतली, मांस पाटावर ठेवलं आणि नुसताच उभा राहिलो.

"कापा आता, वेंडेल," सासूबाई ताट पुढे करत म्हणाल्या. "गार होतंय."