शेजारी उसनी गेलेली काडी

मित्रांनो, मी एक जुनी काडी आहे. हसू नका! काडेपेटीतली नव्हे हं. टीव्हीच्या पाठीत खुपसली की इंटरनेटवरचे सिनेमे, मालिका, क्रिकेट सगळं पडद्यावर आणते ना, ती काळी, बोटाएवढी काडी.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती मुंबई. तिथे विनीतमामाकडे मी खूप राबले. त्याने नवा टीव्ही घेतला, तेव्हा मला गावी भाचीकडे पाठवायचं ठरलं. पण आधी त्याने स्वतःचं खातं माझ्यातून काढलं आणि मला अगदी कोरी करून टाकलं. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. तो असं का वागला, हे फार उशिरा कळलं.

धामापूरजवळच्या वाडीत आले आणि काय माझं कौतुक! भाचीने, म्हणजे तन्वीने, मला आपल्या खात्याने सुरू केलं. टीव्ही चालू ठेवून कोणी काही बघत नसलं की तिच्या फोनमधले, त्या खात्यात साठलेले फोटो मी एकामागून एक दाखवायची. तळं, काजूची बाग, भिजलेली मांजर. तन्वीची आई शेवंती हातातलं काम टाकून बघायला यायची. "गो बाय, हो तर आमचोच सिनेमा!"

मग आई आजारी पडली. गोव्याच्या इस्पितळात उपचार झाले आणि तिचे सगळे केस गळले. वाडीत मात्र सांगितलं, भावाकडे मुंबईला गेली होती. परत आल्यावर ती केसांचा टोप घालायची, त्यावर अबोलीचा वळेसर माळायची. कोणालाही कळलं नाही. कळू द्यायचंच नव्हतं! आई म्हणजे वाडीतली फुगडीची राणी. चतुर्थीला तिच्याबरोबर फुगडी घालायला बायका भांडायच्या. "माका कोणाची कीव नको गो," ती तन्वीला म्हणायची, "चवथीक माका फुगडी होयी."

एकदा टोप काढून ती मागच्या पडवीत बसली होती. डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "सोललेलो नारळ दिसतंय काय गो?" दोघी खदखदून हसल्या आणि तन्वीने फोटो काढला. तो फक्त त्या दोघींचा होता. निदान त्यांना तसं वाटलं.

वाडीत शेजाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नाही. आडाळी म्हणजे विळी जाते, शिडी जाते, तशी एक दिवस मीही गेले. क्रिकेटचा अंतिम सामना होता. शेजारच्या सुशीलाकाकी आल्या.

"गो शेवंते, तुझी ती काडी दी गो. आमच्याकडे सगळी जमतली. सकाळी हाडून देतंय."

"व्हर गो, इचारतंस काय!"

तन्वीने मला उपसून काकींच्या हातात ठेवलं. माझ्याबरोबर आपलं खातंही चाललंय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

सामना जिंकला! टाळ्या, आरडाओरडा, कांदाभजी! काकींच्या गुरुप्रसादने सामना बंद केला आणि रिमोट टाकून तो भज्यांवर तुटून पडला. कोणी काही बघत नव्हतं. मग मला जे ठाऊक होतं ते मी सुरू केलं. तळं. काजू. मांजर. आणि टोप काढून हसणारी आई.

भज्यांकडे गेलेले हात थांबले.

"अगो… ही आमची शेवंती?" काकी पुटपुटल्या. "बंद कर रे ता, गुरू!"

पण सगळ्यांचं बघून झालं होतं.

वाडी वाईट नाही, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी काकी पेज घेऊन आल्या आणि रडल्या. कोणी शहाळी आणली. आईने वळेसर नीट करून सगळ्यांना चहा दिला. तन्वी मात्र आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

चतुर्थी आली. मी खिडकीत पडून बघत होते. आई पदर खोचून काकींच्या अंगणात उतरली आणि तिने हात पुढे केले.

"तू बस गो, शेवंते. दमशीत."

"कित्याक दमतलंय? डाक्टरान बरी म्हणून सांगल्यान!"

कोणी हात धरेना. शेवटी तन्वीनेच धरले. फुगडीने वेग घेतला तशी चहूकडून ओरड सुरू झाली, "हळू गो! सांभाळून गो!" ह्याच बायका पूर्वी "आणखी जोरात!" म्हणायच्या. आईने हात सोडले आणि ती कडेला जाऊन बसली.

म्हणून कळकळीने सांगते, मित्रांनो. मला कोणाला खुशाल द्या, पण आधी आपलं खातं माझ्यातून काढा. घरातले फोटो माझ्याशी जोडूच नका. विसरलात, तर आपल्या फोनवरूनही मला खात्याबाहेर काढता येतं. मामाने तन्वीला तेच शिकवलं. आता मी पुन्हा कोरी आहे. तो फोटो माझ्यात कुठेच नाही.

पण काकी अजून आईशी हळू आवाजात बोलतात.