पाठमोरी

"फर्निचर?" ज्ञानदाने विचारलं.

"काउं—" म्हणता म्हणता जुईलीने आईकडे पाहिलं. आईच्या कपाळावर आठी. "अनकाउंटेबल!"

"मग आधीच नीट बोलावं ना!"

महिनाभर हेच चाललं होतं. घरी पोरगी घडाघडा उत्तरं देते आणि शाळेत नेलं तर तोंडाला कुलूप. नवऱ्याला, मनीषला, उरवड्याच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून परभणीहून येऊन त्यांनी कोळवणात बिऱ्हाड थाटलं. पिरंगुटच्या इंग्रजी शाळेत जुईलीला तिसरीत घालायचं होतं, तर पहिल्या मुलाखतीला ही दहा मिनिटं नुसती फ्रॉकचं टोक चावत उभी! उद्या शेवटची संधी. उद्याही गप्प राहिली तर प्रवेश नाही, असं शाळेच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

"राइस?"

ओट्यावर शेजारीच बसून घरमालकीण सारजाबाई लेकीकडे पाठवायचे तांदूळ पायलीने मापत होत्या. "लाभ... दोन... तीन..."

"आजी तर मोजतायत," जुईली म्हणाली.

"अगं, त्या पायल्या मोजतायत! पायली काउंटेबल, तांदूळ अनकाउंटेबल. किती वेळा सांगू?"

"मग एक का नाही म्हणत?"

"आजी, जरा मनात मोजता का हो?" ज्ञानदा वैतागून म्हणाली.

सारजाबाईंचा हात थांबला. "घ्या! चुकलं माप. आता समदं परत." त्यांनी पोत्यातले तांदूळ पुन्हा पाटीत ओतले. "आन एक कसं म्हणायचं गं? धान्याचं पयलं माप लाभ असतंय. एवढं कालेज शिकलीस, हे न्हाई सांगितलं कुणी?"

"उद्या परीक्षा आहे हिची, आजी."

"हिची कुटं, तुजीच हाय. मगापासनं बघतीया मी. पोरगी वहीत बघतच न्हाई, तुज्या तोंडाकडं बघती. तू कपाळ आवळलंस की बोल फिरवती."

"काहीतरीच!" ज्ञानदा म्हणाली खरी, पण तिला ते पडताळून पाहावंसं वाटलं. तिने वही मिटली. "मँगो?"

"काउंटेबल."

उत्तर बरोबर होतं. ज्ञानदाने मुद्दाम आठी घातली.

"अनकाउंटेबल!" जुईली लगेच म्हणाली.

म्हणजे महिनाभराचा अभ्यास हिच्या डोक्यात नव्हताच, आईच्या कपाळावर होता. आणि उद्याही पालकांना बाहेरच बसवणार.

ज्ञानदा उठली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "आता सांग. वॉटर?"



"आई, इकडे बघ ना."

"नाही."

"आई, प्लीज!"

ज्ञानदाची मान वळायला लागली. सारजाबाईंनी पुढे सरकून तिच्या खांद्यावर तांदळाचा पांढरा हात दाबला. "बस गुमान."

मग बारीक, रडवेला आवाज आला, "अनकाउंटेबल. कारण एक पाणी, दोन पाणी असं नसतं."

हे 'कारण' ज्ञानदाने कधी शिकवलंच नव्हतं. "मनी?"

या वेळी ठाम आवाजात, "काउंटेबल. बाबा मोजतात."

साफ चूक. दुरुस्त करायला ज्ञानदाची जीभ वळवळली, भुवया वर गेल्या. पण समोर फक्त भिंत होती.

"बरं," ती म्हणाली. "पुढचा. ब्रेड?"

"थांब," जुईली म्हणाली. "मला विचार करू दे."