मागच्या कप्प्यातली बाटली

"चंद्रभानभाऊ, तुमचं किती आलं?" अकोल्याच्या प्रयोगशाळेतून नितेशनं फोनवर विचारलं. "आमचं क्रिएटिनिन सात पॉइंट दोन. बडनेऱ्याचं बी तेवढंच. लिहून टाका अन् मोकळे व्हा."

"माह्यं एक पॉइंट एक आलं."

"काहून थट्टा करून राहिले सकाळी सकाळी?"

चांदूर बाजारच्या दवाखान्यात रक्त बरोबर तपासतात की नाही, हे पाहायला दर तीन महिन्यांनी बाहेरून एक सीलबंद नमुना येई. त्याची सरबराई जावयासारखी. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ताज्या रसायनाची एक बाटली त्याच्यासाठीच राखलेली असे. तरीही उत्तर फोनाफोनी करून जुळवायचं, मगच पाठवायचं. अशानं पाच वर्षांत चंद्रभानच्या भिंतीवर एकोणीस 'उत्कृष्ट' प्रमाणपत्रं जमली होती. पेशंटांना मात्र पुढची बाटली. तिची मुदत केव्हाच संपलेली. तिच्या लेखी सगळा तालुका निरोगी होता. नवी मागितली की वरून उत्तर येई, "निकाल तर उत्कृष्ट आहेत तुमचे."

कौशल्याचे पाय सुजले, तेव्हा बायकोचं रक्त त्यानं स्वतःच काढलं. हात मागच्या कप्प्याकडे गेलाही होता. पण सीलबंद नमुन्याची परीक्षा आठवड्यावर आली होती.

"एक पॉइंट एक. किडनी फर्स्ट क्लास आहे तुही."

"मंग मले जेवण काहून जात नाही?"

"सोताच्या हातचं खाऊन कंटाळली असशीन."

दोघंही हसली होती. दोन महिन्यांनी अमरावतीला आकडा निघाला अकरा. आता तेरवी होऊन दहा दिवस झाले होते.

"भाऊ," नितेशचा आवाज उतरला, "मागची बाटली वापरली ना?"

"नाही. पेशंटवाली."

"नापास व्हान ना! चौकशी लागीन."

"लागू दे."

फॉर्मवर त्यानं एक पॉइंट एक लिहिलं. खाली सही केली. कौशल्याच्या रिपोर्टवर केली होती, तशीच वळणदार.

दारात लीलाबाई बाही वर सारून बसली होती. "घे ना बापू रक्त. मांगच्या टायमाले तूनंच चांगलं सांगतलं व्हतं."

चंद्रभाननं रक्त घेतलं. फ्रिज उघडून मागच्या कप्प्यातली बाटली काढली.

"लय जपून ठेवली दिसते. कोनासाठी व्हती?"

 त्यानं झाकण फिरवलं. ते अगदी सहज उघडलं.